तुंगारेच्या पोटातले आकडे

हल्ली मोबाइलवरची अक्षरं बारीक वाटली की मी स्वतः सेटिंगमध्ये जाते, अक्षरं टपोरी करते आणि परत येते. चष्मा सापडायच्या आत काम होतं. यात कौतुक करण्यासारखं काही नाही, माझ्या वयाच्या सगळ्याच बायका करतात. पण दर वेळी मला तुंगारे आठवतो आणि तोंडाची चव जाते. तुंगारेच्या राज्यात अक्षर टपोरं करायचं झालं असतं तर आधी त्याला फोन करावा लागला असता, मग त्याची वाट बघावी लागली असती आणि मग त्याला साग्रसंगीत जेवू घालावं लागलं असतं.

तेव्हा मी त्याला 'तुंगारे सर' म्हणायचे. तो आला की खुर्चीवरून उठायचे. आता अरे-तुरे करते. आजी झाल्यावर माणसाला काही सवलती मिळतात, त्यातली ही एक मी मनापासून वापरते.

एक्क्याण्णव साल होतं. मी बावीस वर्षांची, बी.एस्सी., शिवाय कल्याणला सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. बदलापुरात मांजर्लीला आम्ही राहायचो, तिथल्या आमच्या इमारतीत कॉम्प्युटर येणारी मी एकटीच. त्यामुळे माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. पावसाळ्यात नदीचं पाणी तळमजल्यात शिरायला लागलं की लोक गाद्या, धान्य, देव वर न्यायचे. मी आधी माझं कोर्सचं सर्टिफिकेट वर न्यायचे. आई म्हणायची, "कुंदे, तांदूळ भिजले तर तुझं सर्टिफिकेट शिजवून खाऊ हो."

तर अशी मी कुंदा कारखानीस उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये नोकरीला लागले. खाली फर्निचरचं दुकान, वर आमचं ऑफिस. दिवसभर व्हार्निशचा वास. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, मालक होतूशेठ, प्रोग्रामर तुंगारे आणि मी. पॅथॉलॉजी लॅबना रिपोर्ट छापायचा प्रोग्राम विकणं हा आमचा धंदा. लॅबमधल्या बाईने किंवा बुवाने रक्ताच्या तपासणीचा आकडा टाइप करायचा. प्रोग्राम तो आकडा छापायचा, शेजारी 'इतक्यापासून इतक्यापर्यंत ठीक' अशी मर्यादा छापायचा, आणि आकडा मर्यादेबाहेर असेल तर त्याच्या पुढ्यात एक तारा काढायचा. त्या ताऱ्यावरच तर प्रोग्राम विकला जायचा. होतूशेठ गिऱ्हाइकाला सांगायचे, "साईं, डॉक्टर को पूरा कागज पढने का जरूरतच नहीं. तारा दिखा तो देखो, नहीं तो सही ठोको."

आता या मर्यादा प्रोग्रामला कळणार कशा? त्या एका वेगळ्या फाइलीत लिहून ठेवता येतात. प्रोग्राम सुरू झाला की आधी ती फाइल वाचतो आणि मग कामाला लागतो. मर्यादा बदलली की फाइलीतला आकडा बदलायचा, बस. हे तेव्हाही लोकांना माहीत होतं, मला कोर्समध्ये शिकवलंही होतं. तुंगारे तसं करत नसे. तो मर्यादा थेट कोडात लिहायचा. नुसत्या मर्यादाच नव्हे, लॅबचं नाव, पत्ता, फोन, डॉक्टरांची डिग्री, पानावर किती ओळी, प्रिंटर कुठला, सगळं कोडाच्या पोटात. ते कोड फक्त त्याच्याकडे. गिऱ्हाइकाकडे नुसता चालणारा प्रोग्राम, त्याचं पोट उघडून बघायची सोय नाही.

मी पहिल्या आठवड्यात धीर करून विचारलं होतं, "सर, हे फाइलीत ठेवलं तर?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी भर ऑफिसात शिंकरले होते. म्हणाला, "आकडा पोटात ठेवायचा, पोरी. फाइलीत ठेवलास की तो गिऱ्हाइकाचा झाला. मग आपण कशाला उरलो?"

मी हे वाक्य त्या दिवशी डायरीत लिहून घेतलं. खाली दोन रेघाही मारल्या. ती डायरी परवा रद्दीत सापडली तेव्हा स्वतःलाच एक चापट मारावीशी वाटली.

दिसायला तुंगारे अतिशय स्वच्छ माणूस. पांढराशुभ्र बुशशर्ट, कडक इस्त्री, कानात अत्तराचा फाया. कुठेही बसायच्या आधी खिशातला रुमाल खुर्चीवर पसरायचा. तो रुमाल इतका पांढरा की बसायलाही जीव होऊ नये. आणि त्या रुमालाला डाग पडू नये म्हणून हा माणूस आपले हात दुसऱ्यांच्या वस्तूंना पुसायचा. पडद्याला, कॅलेंडरच्या कोपऱ्याला, गिऱ्हाइकाच्या बायकोने प्रेमाने शिवलेल्या कॉम्प्युटरच्या कव्हराला. जेवल्यावर हात धुणं त्याला मान्यच नव्हतं. बोटं एकेक करून, शेवटच्या पेरापर्यंत, आवाज करत चाटायचा आणि "झाले स्वच्छ" म्हणून तसाच कीबोर्डला बसायचा. अंबरनाथपासून वांगणीपर्यंत कुठल्याही लॅबमध्ये जा, एन्टरचं बटण हळदीने पिवळं झालेलं असेल तर समजावं, तुंगारे येऊन गेलाय. मी ती बटणं स्पिरिटच्या बोळ्याने पुसत त्याच्यामागून हिंडायचे. ते मला माझं शिक्षण वाटायचं.

जेवणाचं प्रकरण असं. कुठल्याही लॅबने फोन केला, की तुंगारेसाहेब, अमुक बदलायचंय, तर हा काय बदलायचंय ते विचारायच्या आधी विचारायचा, "उद्या घरी कोण कोण आहे?" मग बरोबर सव्वाबाराला पोचायचा. ब्रीफकेसमधून फ्लॉपी काढायची, कोड उघडायचं, आकडा बदलायचा. याला लागायचं एक मिनिट. मग प्रोग्राम पुन्हा बांधायला घालायचा, कंपाइल म्हणतात त्याला. त्याला लागायची सात-आठ मिनिटं. हा गिऱ्हाइकाला गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "दीड तास. तोवर मशीनला कोणी हात लावायचा नाही. जवळपासही फिरकायचं नाही." अख्खी लॅब चवड्यांवर चालायची. आणि दीड तास काय करायचं म्हणून घरातली बाई बिचारी म्हणायचीच, "मग जेवूनच घ्या ना."

"छे छे," तुंगारे म्हणायचा आणि शर्टाच्या बाह्या वर करायचा.

उल्हासनगरात सिंधी कढी-चावल, कल्याणला बिरडं, अंबरनाथला डॉक्टरबाईंकडे कोळंबी. डॉक्टरबाईंची लॅब बंगल्याच्या तळमजल्यावर आणि घर वर, त्यामुळे जिना चढला की ताट तयार. खोटं कशाला बोलू, मीही जेवले. कारखानीसांच्या मुलीसमोर कोळंबीचं ताट आलं की तत्त्वं जरा मागे सरकतात. फक्त हात धुऊन उठायचे, एवढाच काय तो माझा मोठेपणा.

मध्ये एकदा टेलिफोनवाल्यांनी आमच्या पट्ट्यातल्या सगळ्या नंबरांना पुढे एक आकडा जोडला. लोकांना ती कटकट, तुंगारेला तो उलटा चातुर्मास, उपासाऐवजी मेजवान्यांचा. प्रत्येक लॅबचा फोन नंबर कोडाच्या पोटात! एक आकडा वाढवायला प्रत्येकाकडे स्वतः जाणं आलं. दोन महिने हा एक दिवसही घरी जेवला नाही. पट्ट्याला नवीन भोक पाडून आणलं, आणि ते मला दाखवलं. "बघ," म्हणाला, "प्रोग्रामिंग कशाला म्हणतात." मी हसले. मनापासून हसले. शी.

या सगळ्यात एकच माणूस तुंगारेला 'सर' म्हणत नसे. डॉक्टरबाईंच्या लॅबमधली सुमन भोईर. चिखलोलीची, शेतकरी घरातली, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. लग्नानंतर, पोरं झाल्यावर, लॅब टेक्निशियनचा कोर्स केलेली. तिच्या घरात नोकरी करणारी ती पहिली बाई. सासऱ्यांनी परवानगी दिली होती ती डॉक्टरबाईंच्या शब्दावर आणि एका अटीवर. सुमनताईच मला सांगायची, "एक जरी बोल आला ना बाय, तं ॲप्रन चुलीत. सासरा बोललाय तसा. नि तो बोलतो तं करतो."

म्हणून ती वेड्यासारखी काटेकोर होती. फ्रीजवर तिची एक वही दोरीने टांगलेली असायची. कुठल्या तपासणीला कुठलं किट, मर्यादा किती, कुठल्या तारखेपासून, सगळं त्यात. कॉम्प्युटर यायच्या आधी ती प्रत्येक रिपोर्टवर मर्यादेबाहेरच्या आकड्याला लाल पेन्सिलने गोल करायची. तुंगारेने पहिल्याच दिवशी ती पेन्सिल तिच्या हातातून काढून घेतली. "बाई, आता हे बंद. तारा कशाला ठेवलाय? दोन-दोन खुणा दिसल्या तर डॉक्टर गोंधळतील." डॉक्टरबाईंनाही ते पटलं. मलाही.

सुमनताईने त्या दिवशी मला बाजूला घेऊन विचारलं, "बाय, आकडं तं बदलतच राहतान. तुझ्या मशीनला वही नाय का?"

मी तिला दहा मिनिटं समजावलं की कॉम्प्युटरला वहीची गरज नसते. बी.एस्सी. ना मी!

पुढच्या वर्षी डॉक्टरबाईंनी काविळीच्या तपासण्यांमधल्या एका तपासणीचं किट बदललं. जुन्या किटची मोजायची पद्धत वेगळी होती, त्यात दोनशे ऐंशीपर्यंत ठीक. नव्या किटमध्ये तेरापर्यंत ठीक, त्याच्या वर गेलं की गडबड. सुमनताईने वहीत तारखेसकट लिहिलं आणि तुंगारेला फोन केला. आम्ही गेलो. बरोबर सव्वाबाराला. तुंगारेने कोडाची छापील प्रत काढली. पट्ट्यापट्ट्यांचा लांबलचक कागद, अशा कामाला जाताना तो नेहमी बरोबर न्यायचा. त्यात जागा शोधली, स्क्रीनवर दोनशे ऐंशीचे तेरा केले, कंपाइल लावलं आणि वर गेला. जेवून, बोटं चाटून आला, कागदावर त्या ओळीपुढे पेन्सिलने खूण केली, तारीख घातली, शेजारी अंगठा टेकला. ऑफिसात आल्यावर तो कागद मी फाइलला लावला.

आता जो घोटाळा झाला तो सांगते. तुंगारेने तो दोनशे ऐंशीचा आकडा कोडात दोन ठिकाणी लिहिलेला होता. एकदा जिथे मर्यादा छापायची तिथे, आणि बऱ्याच पानांनंतर, जिथे तारा काढायचा की नाही ते ठरतं तिथे. एकच आकडा दोन जागी लिहिणं म्हणजे घराची किल्ली दोघांकडे देऊन एकालाच कुलूप बदलल्याचं सांगणं. हा एके ठिकाणी बदलून जेवायला गेला. म्हणजे कागदावर छापलं जायचं 'तेरापर्यंत ठीक', आणि तारा मात्र दोनशे ऐंशीची वाट बघत बसायचा. नव्या किटमध्ये इतका आकडा माणूस जिवंत असेपर्यंत यायचा नाही. पुढचे दीड-दोन महिने त्या तपासणीला एकही तारा पडला नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तारा नसणं ही आनंदाची गोष्ट असते.

वांगणीचे एक मास्तर होते, प्राथमिक शाळेतले. अंगाला खाज सुटते म्हणून त्यांच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं होतं. आकडा आला चाळीस. सुमनताईने चाळीस टाइप केला. कागदावर छापलं गेलं चाळीस, शेजारी तेरापर्यंत ठीक, तारा नाही. डॉक्टरबाईंनी तारे बघायच्या सवयीने सही केली. मास्तरांच्या डॉक्टरांनाही तोवर तीच सवय लागलेली. त्यांनी खाजेचं मलम दिलं. तीन आठवड्यांनी मास्तर पिवळे पडले, तापाने फणफणले, पित्ताच्या नळीत खडा अडकलेला निघाला. मुंबईला नेऊन ऑपरेशन करावं लागलं. वाचले, पण कसेबसे. आणि त्यांचा मुलगा तो कागद हातात नाचवत डॉक्टरबाईंच्या लॅबमध्ये येऊन उभा राहिला.

डॉक्टरबाई हादरल्या. त्यांनी तुंगारेला बोलावलं. मी अर्थातच बरोबर, स्पिरिटचा बोळा घेऊन.

तुंगारे कॉम्प्युटरसमोर रुमाल पसरून बसला. मी त्याच्या उजव्या खांद्यामागे उभी. त्याने कोड उघडलं, खाली खाली गेला आणि थांबला. स्क्रीनवर दोनशे ऐंशी. मला दिसलं. मला दिसलं हेही त्याला कळलं. तो क्षणभरही अडखळला नाही. दोनशे ऐंशीचे तेरा केले, कंपाइल लावलं, खुर्ची वळवली आणि डॉक्टरबाईंना म्हणाला, "मशीन बरोबर आहे. बाईंनी आधी चार टाइप केले असणार, तेव्हा तारा आला नाही. मग शून्य नंतर घातलं असेल, पण तारा एकदाच ठरतो. घाई होते हो यांची."

सुमनताई म्हणाली, "मी चाळीसच घातलं."

"बघा, मी चालवून दाखवतो," तुंगारे म्हणाला. आठ मिनिटांनी त्याने चाळीस टाइप केले. टचकन तारा आला. चांगला ठसठशीत. "आता बोला."

सुमनताई त्या ताऱ्याकडे बघत राहिली. डॉक्टरबाई तिच्याकडे. मी जमिनीकडे.

आणि मग त्या माणसाने मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि विचारलं, "वर काही आहे का? सकाळपासून पोटात काही नाही."

ताट आलं. डॉक्टरबाईंनी सवयीने वाढायला सांगितलं. तो जेवला. कोळंबीची सालं ताटाच्या कडेला एका ओळीत मांडत, डोकी चोखत जेवला. मी समोर बसले होते. माझ्या घशाखाली घास उतरला नाही असं लिहायला मला फार आवडलं असतं. उतरला. दोन पोळ्या खाल्ल्या मी. त्याची मला जी किळस येते, त्यातली निम्मी माझ्या वाट्याची आहे, हे मी कुणाला सांगत नाही. इथे लिहिते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी सुमनताईला सांगितलं, काही दिवस येऊ नका. ती घरी न जाता थेट उल्हासनगरला आली, आमच्या ऑफिसात. हातात फ्रीजवरची वही, दोरीसकट तोडून आणलेली. होतूशेठ समोरच होते.

"साहेब, मना तुमच्या मशीनच्या आतला आकडा बघायचाय. त्या दिवशीचा."

"असं दाखवता येत नाही, बाई," तुंगारे म्हणाला. "कंपनीची गोष्ट आहे."

"माझी वही मी दाखवतंय. ही बघा तारीख. तुमची दाखवा."

"कॉम्प्युटरला वही नसते," तुंगारे म्हणाला.

हे वाक्य माझं होतं. तिला मीच दिलेलं. ती माझ्याकडे वळली. "बाय, तू तं बाजूला व्हतीस. तुना बघितलंस ना, यान काय बदललं ते? तू सांग."

होतूशेठ माझ्याकडे बघायला लागले. तुंगारे माझ्याकडे बघत नव्हता, कानातला फाया सारखा करत होता. गेल्याच आठवड्यात तो म्हणाला होता की दिवाळीपासून माझ्या टेबलावर 'सिस्टीम ॲनालिस्ट' अशी पाटी लागेल.

मी म्हणाले, "मला काही आठवत नाही."

सुमनताई रडली नाही, भांडली नाही. "बरं," म्हणाली. वहीला दोरी गुंडाळली आणि जिना उतरून गेली. होतूशेठनी तिच्यामागे दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "वडी साईं, ये औरत झूठ बोलनेवाली लगती नहीं." तुंगारेने त्यांना चहा मागवायला सांगितला.

मी घरी गेले. मी काही थोर पश्चात्ताप वगैरे केला नाही. आईने पाटीचं विचारलं, म्हणून ती कुठल्या अक्षरांत असावी ते कागदावर लिहून बघत होते. मराठीत बरी की इंग्रजीत, पितळी की प्लॅस्टिकची. लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं की पाटी डोळ्यांपुढे आणली की शेजारी सुमनताईची दोरी गुंडाळलेली वही दिसते. चारपाचदा कागद बदलून बघितला, तरी तेच. माझा राग आला मला, आणि त्याहून जास्त त्या वहीचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडल्याबरोबर मी फाइलमधून तो पट्ट्यांचा कागद काढला, पिशवीत घातला, आणि होतूशेठना अंबरनाथला जाऊन येते एवढंच सांगून निघाले. डॉक्टरबाईंच्या टेबलावर तो उलगडला तेव्हा तो खाली जमिनीपर्यंत गेला. पहिल्या जागी तुंगारेची पेन्सिलीची खूण, तारीख, आणि शेजारी अंगठ्याचा पिवळा ठसा, अगदी रेषांसकट. दुसऱ्या जागी दोनशे ऐंशी, कोरे. कुणी हातही न लावलेले. डॉक्टरबाईंनी दोन्ही ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या. सुमनताई काल ऑफिसात आली होती आणि मी तिला काय म्हणाले, तेही मी सांगितलं. मग मला म्हणाल्या, "आणि तू काल तिला म्हणालीस, आठवत नाही?"

"हो."

"बाहेर बस जरा," त्या म्हणाल्या. मी बाहेर पेशंटच्या बाकावर जाऊन बसले. तासभर मला कुणी आत बोलावलं नाही. योग्यच केलं.

त्या स्वतः चिखलोलीला गेल्या. सुमनताईच्या सासऱ्यांसमोर बसून त्यांनी चूक कुणाची ते सांगितलं, स्वतःची धरून. मास्तरांच्या मुलालाही पत्र लिहिलं. सुमनताई परत आली ती अटी घालून. लाल पेन्सिल चालू राहील, आणि मशीनच्या मर्यादा तिला दिसल्या पाहिजेत, नाहीतर मशीन उचलून न्या.

तुंगारेला काय शिक्षा झाली असं तुम्ही विचाराल. काही नाही. डॉक्टरबाईंकडून सगळं ऐकून होतूशेठनी नुसतं म्हटलं, "तुंगारे, आकडे फाइलमध्ये काढा," आणि तो असा दुखावला, जणू त्याची बायको बाजारात उभी करायला सांगितली. आठवड्याभरात सगळ्या फ्लॉपी ब्रीफकेसमध्ये घालून तो कल्याणला दुसऱ्या कंपनीत गेला. आमची निम्मी गिऱ्हाइकं त्याच्यामागे गेली, जाणारच, त्यांच्या प्रोग्रामांची पोटं याच्याकडे. त्याच आठवड्यात तिकडे कुणीतरी त्याला जेवायला घातलं असणार.

आमच्याकडे कोड उरलं ते त्या छापील कागदावर. मी अडीच महिने बसून ते सगळं पुन्हा टाइप केलं. तेव्हा मात्र प्रत्येक आकडा बाहेर काढला. मर्यादा, नावं, फोन, पानावरच्या ओळी, सगळं एका साध्या फाइलीत. एक आकडा एकदाच. छापणाऱ्यानेही तिथूनच घ्यायचा आणि तारा काढणाऱ्यानेही. त्या फाइलीला मी नाव काय दिलं? 'कुंदा'. पाटी गेली होती ना, मग कुठेतरी नाव पाहिजे होतं! आणि फाइल सापडली नाही तर काय? तर कोडातल्याच काही ठरावीक आकड्यांवर गुपचूप काम चालू ठेवायचं, असं मी आधी लिहिलं. डॉक्टरांसमोर मशीन बंद पडलेलं बरं दिसत नाही म्हणून. हे सुमनताईला मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

ती म्हणाली, "म्हंजे वही नसंल तं मनाचं आकडं धरायचं? जल्लं ते मशीन. वही नाय तं बंद राहू दे. बोंब मारू दे."

ते मी बदललं. फाइल नसेल तर प्रोग्राम सुरूच व्हायचा नाही, स्क्रीनभर तसं लिहायचा. आयुष्यात मी लिहिलेल्या कोडातली ती सगळ्यात चांगली ओळ. ती सुमनताईची आहे.

तुंगारेला मी त्यानंतर एकदाच पाहिलं. नव्व्याण्णव साल सरत आलं होतं. दोन हजार लागताच कॉम्प्युटर तारखा विसरतील या भीतीने सगळे घाबरले होते, आणि मी डॉक्टरबाईंच्या लॅबमध्ये तारखा तपासायला गेले होते. लॅबचा कारभार तेव्हा सुमनताईच बघायची. रिपोर्ट न्यायला एक माणूस काउंटरवर आला. शर्ट तोच, पांढरा, पण आत माणूस कमी झालेला. गळ्याची कातडी लोंबलेली, डोळे पिवळट. मी आतल्या खोलीत होते, फ्रीजच्या आडोशाला सरकले. वयाच्या तिशीत, दोन मुलांची आई, आणि फ्रीजमागे लपले.

त्याने सुमनताईला ओळखलं नाही. मुद्दाम नव्हे, खरोखरच. ती त्याच्या लक्षात राहावी असं त्याच्या दृष्टीने काही घडलंच नव्हतं. "बाई, रिपोर्ट झाला का?" म्हणाला. तिने नाव विचारलं. त्याने सांगितलं. तिने लिहून घेतलं, पाकीट काढलं, त्याच्या हातात दिलं, आणि पुढच्या पेशंटचा हात धरून त्याला रबर बांधायला लागली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिथे रागही नव्हता, काही नव्हतं. कामाचा चेहरा.

तुंगारे बाहेर गेला, पण फाटकापाशी थांबला. खिडकीतून मला तो नीट दिसत होता. त्याने कागद बाहेर काढला, उन्हात धरला. जिभेने ओलं केलेलं बोट पहिल्या ओळीवर ठेवलं. आकड्यावरून ते मर्यादेवर नेलं, परत आकड्यावर आणलं. ओठ हलत होते. मग दुसरी ओळ. मग तिसरी. अख्खं पान त्याने असं वाचलं, आणि शेवटाला पोचल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तारा कुठे आहे आणि कुठे नाही, तिकडे त्याने एकदाही बघितलं नाही.